रायफलीवर घातलेलं नाव

फोन आला तेव्हा मी ओसरीत बसून हरभऱ्याचं बी निवडत होतो. सोनपेठहून मास्तरच्या पोराचा फोन. मी त्याच्या आत्याचा नवरा, म्हणून तो मला मामा म्हणतो. म्हणाला, "मामा, दादा गेले." मी विचारलं, "कवा?" तर म्हणाला, "तासभर झाला." मी सूप खाली ठेवलं. गयाबाईनं, म्हणजे आमच्या घरच्या बाईनं, माझ्या तोंडाकडं बघूनच ओळखलं आन् तिथंच बसकण मारली. मास्तर तिचा पाठचा भाऊ. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर मला पहिल्यांदा राग आला. आठच दिवसांमागं परभणीच्या दवाखान्यात त्यानं मला एक गोष्ट विचारली होती आन् मी एका शब्दात उत्तर दिलं होतं. ते उत्तर चुकीचं होतं. ते दुरुस्त करायला आता ऐकणारा माणूस उरला नव्हता…

तेराव्याला त्याच्या शाळेच्या मैदानावर शोकसभा झाली. गुरुजी असे होते, गुरुजी तसे होते. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं तेच सांगितलं, तिसऱ्यानं तर गळा काढून म्हणलं, "माधव गुरुजी उभ्या जन्मात एक अक्षर खोटं बोलले नाहीत." मी उठलो, हापशावर गेलो, तोंडातली तंबाखू थुंकली आन् तिथंच उभा राहिलो. मागून एकजण आला, "दाजी, तुमी दोन शब्द बोला की." मी म्हणलं, "मला बोलता येत न्हाई." मेलेल्या माणसाला असं साखरेच्या पाकात बुडवून काढायची जी रीत पडली आहे, तिची मला शिसारी आहे. माणूस होता, त्याला माणूस म्हणून तर जाऊ द्या.

त्याचाच एक विद्यार्थी पेपरच्या या पुरवणीचं काम बघतो. तो म्हणाला, लिहून द्या. मी दुसरी शिकलेला. जन्मभर माझा हरेक कागद मास्तरनं लिहिला. विहिरीचा अर्ज, वारसाचा अर्ज, रायफलीच्या लायसनचा अर्ज, सगळं त्याच्या गोल अक्षरात, आन् खाली माझी वाकडी सही. त्याच्या हाताशिवायचा हा माझा पहिला कागद. नात टाईप करायली आहे. एक शब्द बदलू नको म्हणून तिला ताकीद दिली आहे.

मास्तर पहिल्यांदा आमच्या घरी आला तो नऊ-दहा वर्षांचा असताना. त्यांच्या गावात शाळा चौथीपर्यंतच, आन् पोखर्णीजवळच्या आमच्या गावात सातवीपर्यंत. बहिणीच्या घरी राहून शिकायचं म्हणून आला, पत्र्याची पेटी आन् पाटी घेऊन. तीन वर्षं राहिला. माझ्या बापाला त्याचा लय लळा. मी कामाचा, तो वाचायचा. बाप दुपारी ओसरीत रायफल पुसायला बसला की हा शेजारी मांडी घालून बसायचा. बाप त्याला गज धरायला द्यायचा. गज म्हणजे चिंधी लावून नळी साफ करायची लोखंडी काडी. मी पोटचा पोरगा, तरी मला वीस वर्षांचा होईस्तोवर त्यानं गजाला हात लावू दिला नव्हता. मास्तर नऊ वर्षांचा असताना धरत होता. हे मी विसरलेलो नाही. विसरणार नाही.

रायफल निजामाच्या राज्यातली. हैद्राबादच्या एका जहागीरदाराच्या कारभाऱ्यानं घरदार मोडलं तेव्हा बापानं ती त्याच्याकडून घेतली, रीतसर कागद करून. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, जिथं बापाचा गाल टेकायचा तिथं गुळगुळीत झालेला. लोखंडाला काळा-निळा रंग, पावसाळी ढगासारखा. एका बाजूला छापाचा नंबर. बाप म्हणायचा, ही वस्तू घराबाहेर गेली की घरची राहत नाही. बाप गेल्यावर लायसन माझ्या नावावर झालं, पीक राखायला. रानडुकरं तुरीत शिरली की हवेत एक बार काढायचो, एवढंच. काळविटावर मी कधी नेम धरला नाही आन् कुणाला धरू दिला नाही.

मास्तर मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाला, आदर्श शिक्षक म्हणून फेटा बांधून झाला, सोनपेठला घर बांधलं. पोरगा पुण्याला नोकरीला, त्याचं लग्न तिकडच्या घरात झालं. दसऱ्याला व्याही येणार होते. व्याह्यांच्या घरी म्हणे खंडेनवमीला तलवारी पूजतात, पिढीजात. आन् मास्तरच्या घरात पूजायला काय? विळा, कोयता आन् सुतळीनं बांधलेलं खुरपं. आधी त्यानं बहिणीला फोन केला. मला विचारायची हिंमत नव्हती.

गयाबाई म्हणाली, "पूजेपुरती द्या की. दोन दिवसांचा सवाल हाय."

"ती काय जात्याची खुंटी हाय का, या घरातून त्या घरात न्यायला? कायद्यात बसत न्हाई."

"कायदा माझ्या भावाला शिकवता? तो मास्तर हाय."

"मास्तर हाय म्हणूनच त्याला कळाया पाहिजे."

मग तीन दिवस माझ्या ताटात भाकर वाढताना ती माझ्याकडं बघेना. मी हट्टी माणूस, पण बाईच्या न बघण्यापुढं माझं चालत नाही. चौथ्या दिवशी मास्तर गाडी करून आला. मी रायफलीचा बोल्ट काढून ज्वारीच्या कणगीत ठेवला, म्हणजे बार उडायचा प्रश्नच नाही, आन् बाकीची रायफल जुन्या वाकळीत गुंडाळून त्याच्या हातात दिली. म्हणलं, "मास्तर, हळदीकुंकाचं एक बोट लाव, हात जोड आन् परत आण. दुसरं कायबी करू नको."

"दाजी, मला काय लहान समजता? याच रायफलीचा गज धरून मी मोठा झालो."

गुन्हा माझाच आहे, हे मी आधीच सांगतो. दिली मी. कुणी हिसकावून नेली नाही.

दसरा झाल्यावर तिसऱ्या दिवशी तो परत आला. वाकळीवर नारळ, शाल, आपट्याची पानं. वाकळ ओसरीत ठेवली तर तिच्या घडीतून लाल मुंग्यांची रांग निघाली. मी वाकळ उलगडली… आन् मला ती रायफल ओळखू येईना. ताटासारखी चकचकीत. काळा-निळा रंग गेलेला, सगळं लोखंड पांढरं लख्ख. मास्तर हसत उभा. "बघा दाजी, कशी आरशागत केली! भांड्याच्या दुकानात पॉलिशच्या चाकावर धरून आणली. गंजानं काळी पडली होती तुमची."

गंजानं! चांगला रंग त्याला गंज वाटला. सातवीपर्यंत त्या रायफलीजवळ बसला, आन् रंग आन् गंज ओळखता आला नाही. मग मी नळीला नाक लावलं. आंबलेल्या दह्याचा वास. पूजेत तिला पंचामृताचा अभिषेक घातला होता. दूध, दही, तूप, मध, साखर. मूर्तीला घालतात तसा, मंत्र म्हणून, व्याह्यांच्या देखत, वरून खाली. मुंग्या नळीत वसती करून बसल्या होत्या.

आन् एवढ्यावर थांबलं नव्हतं. तो म्हणाला, "बाजू बघा, बाजू." मी फिरवली. भांड्यावर नाव घालायच्या मशीननं, टिंबाटिंबाच्या अक्षरात, रायफलीच्या अंगावर लिहिलेलं होतं. मी एकेक अक्षर जुळवून वाचलं. कै. ग्यानोबा लिंबाजी यांचे स्मरणार्थ. माझ्या बापाचं नाव. देवळाला समई दिल्यावर घालतात तसं!

"त्यांनी मला तीन वर्षं जेवू घातलं," मास्तर म्हणाला. "मला कुठंतरी त्यांचं नाव लिहायचं होतं."

मी म्हणलं, "भाड्या, माझ्या बापाला तू पातेलं केलंस."

त्याचं तोंड पडलं. पोरी, हा शब्द तसाच राहू दे, काढू नको. मी तसाच बोललो होतो.

पुढचे चार दिवस मी ओसरीत तेच करत बसलो. उकळतं पाणी नळीतून ओतलं. रॉकेलची चिंधी गजाला लावून फिरवली, पुन्हा फिरवली. पहिल्या चिंध्या पिवळ्या निघाल्या, मग तांबड्या, त्यात मेलेल्या मुंग्या. लाकडाच्या आन् लोखंडाच्या सांध्यात साखर धरली होती, ती दात कोरायच्या काडीनं काढली. गयाबाई चहा ठेवून जायची. नळी बचावली. रंग काही परत येणार नव्हता. मी म्हणलं, चला, दिसायला बिघडली, कामाची तर आहे. तेव्हा मला नंबराचं सुचलंच नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते नाव होतं.

त्याच थंडीत निवडणूक लागली. निवडणुकीच्या आधी लायसनवाल्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करायची असतात, नेहमीचं आहे. मी बोल्ट बसवून रायफल घेऊन गेलो. हवालदार पोक्त माणूस, मला वीस वर्षं ओळखणारा. त्यानं लायसन उघडलं, रायफल उजेडात धरली, चष्मा पुसला, पुन्हा धरली.

"काका, नंबर कुठंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पॉलिशच्या चाकानं रंगासोबत नंबरही खाऊन टाकला होता. आन् जिथं नंबर होता बरोबर तिथंच, कोरी जागा दिसली म्हणून, त्या भांडेवाल्यानं बापाचं नाव घातलं होतं.

"नंबर न्हाई म्हणल्यावर ही रायफल कागदावरची कशी समजायची, काका? खोडलेल्या नंबराचं हत्यार म्हणजे लय वंगाळ काम असतं." तो मला घाबरवत नव्हता. त्यालाच भीती वाटायली होती. रायफल त्यानं मालखान्यात ठेवली आन् मला सांगितलं, दोन दिवसांत लेखी खुलासा द्या. लायसन जाईल आन् रायफलही, कायमची. बापानं कागद करून घेतलेली, मी इतकी वर्षं जपलेली वस्तू भंगारात वितळणार, एवढं मला त्यातून समजलं.

खुलासा लिहायला जाणार कुणाकडं? जन्मभर ज्याच्याकडं गेलो त्याच्याकडंच. एसटीनं सोनपेठला गेलो. मास्तरनं ऐकलं, पांढरा पडला, टेबलावर कोरा कागद घेतला आन् ते गोल अक्षर कागदावर चालू झालं. मग मला वाचून दाखवलं. रायफल अतिशय जुनी असल्याने व हवामानामुळे गंज चढून तिच्यावरील क्रमांक नैसर्गिकरीत्या पुसट झाला आहे…

मी विचारलं, "यात तुझं नाव कुठाय?"

"दाजी, माझं नाव घातलं तर दोघंही अडकू. दुसऱ्याच्या हाती देणं हा तुमचा गुन्हा होतो."

"होऊ दे. मी दिली. तू नेली. चाकावर धरली. हे लिही."

"माझ्या पेन्शनचं काय? गावात मला लोक गुरुजी म्हणतात. पोलिसात नाव गेलं तर उद्या व्याही काय म्हणतील?"

"व्याही!" मी म्हणलं. "माझ्या बापाची वस्तू तू व्याह्यापायी नेलीस, आन् आता व्याह्यापायीच नाकारतोस?"

त्यानं पेन माझ्यापुढं केलं. मी सही केली नाही. त्याचं ते सुंदर, गोल, स्वच्छ अक्षर… इतकं देखणं अक्षर आन् त्यात धडधडीत खोटं. मला त्या कागदाची किळस आली. तसाच उठलो आन् ठाण्यात जाऊन तोंडानं सांगितलं. पूजेला मेव्हण्याला दिली होती, त्यानं पॉलिश केली, नंबर गेला. हवालदारानं लिहून घेतलं. मास्तरला बोलावणं गेलं.

तो आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माझ्यासमोर, दोन हातांवर, खुर्चीत बसून त्यानं सांगितलं, "मी रायफल नेली नाही. दाजींचं वय झालंय. त्यांना हल्ली नीट आठवत नाही."

हवालदारानं खाली बघितलं. मास्तरनंही खाली बघितलं. फक्त मी त्याच्याकडं बघत होतो. मग मी उठलो, टोपी घातली आन् घरी आलो. गयाबाईनं विचारलं, "काय झालं?" मी म्हणलं, "तुझ्या भावानं मला खुळं ठरवलं." त्या दिवशी ती जेवली नाही. भावाला तिनं सहा महिने फोन केला नाही, हे मला नंतर कळलं. मी तिला सांगितलेलं नव्हतं.

दीड वर्ष रायफल मालखान्यात राहिली. या काळात डुकरं आली तर मी डबा बडवत हिंडायचो. परभणीच्या कलेक्टर हापिसातून तारखा पडायच्या, मी जायचो, बाकावर बसायचो, परत यायचो. मास्तर एकाही तारखेला आला नाही. मला वाटायचं, मेला तरी बरं. हे मी लिहायलोय कारण मला तसं वाटत होतं.

शेवटच्या तारखेला मी बाकावर बसलो होतो आन् मास्तर जिना चढून वर आला. दम लागलेला. माझ्याशेजारी बसला नाही, समोरच्या भिंतीला टेकून उभा राहिला. पुकारा झाल्यावर माझ्या मागून आत आला आन् साहेबांना म्हणाला, "मला जबाब द्यायचा आहे." खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. आन् वाचला. रायफल मी नेली. व्याह्यांना दाखवायला नेली. पॉलिश मी केली. नाव मी घातलं. ठाण्यात खोटं मी बोललो. दाजींची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे… इथं त्याचा आवाज फाटला. साहेबांनी पाणी दिलं. त्यानं ते घेतलं नाही, आधी वाचून संपवलं.

मग रायफल पोलीस मुख्यालयात तपासायला गेली. तिथल्या कारागिरानं लाकूड उतरवलं, तर नळीच्या पोटाला, लाकडाखाली, तोच नंबर छापलेला निघाला. चाक तिथवर पोचलं नव्हतं. कागदाशी जुळला. आमाला दोघांना लेखी ताकीद मिळाली, मास्तरच्या पेन्शनला काहीही झालं नाही, व्याहीही तसेच राहिले. ज्या भीतीपायी त्यानं मला खुळं ठरवलं, त्यातलं एकही घडलं नाही. रायफल घरी आली.

हापिसाच्या पायऱ्यांवर तो म्हणाला, "दाजी, चहा घेऊ." मी म्हणलं, "दीड वर्ष उशीर झाला." आन् एसटी स्टँडकडं चालू लागलो. त्यानं मोठं काम केलं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण दीड वर्ष तो माझ्या ओसरीत येऊ शकला असता, दोन तासांचा रस्ता आहे. नंतर लग्नाकार्यात भेटायचो. तो "दाजी, कसं काय?" म्हणायचा, मी "बरं हाय" म्हणायचो. अर्ज मी एका झेरॉक्सवाल्याकडून लिहून घ्यायला लागलो. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं.

मुख्यालयातला कारागीर मला म्हणाला होता, हे टिंबाचं नाव काढून टाकता येईल, घासून परत रंग चढवता येईल, रीतसर परवानगी घ्या. मी परवानगीही काढली. गुलाबी कागद, अजून पेटीत आहे.

मास्तर दवाखान्यात पडला तेव्हा गयाबाईनं मला ओढतच नेलं. वाळून गेला होता, नाकाला नळी. बहिणीला म्हणाला, "ताई, जरा बाहेर बस." मग मला जवळ बोलावलं. मला वाटलं, माफी मागेल. मी त्यासाठी तोंड घट्ट करून बसलो होतो. पण त्यानं माफी मागितली नाही. ती त्यानं हापिसात कागदावर मागितली होती, एकदा दिलेला जबाब तो कशाला पुन्हा देईल. त्यानं विचारलं,

"दाजी… ते नाव खोडलं का?"

मी म्हणलं, "खोडलं."

त्यानं डोळे मिटले. "बरं केलं," म्हणाला. "चुकीच्या जागी घातलं होतं मी." आन् मग लय वेळानं, "पण त्यांनी मला गज धरू दिला होता…"

आठ दिवसांनी फोन आला.

शोकसभेत जो म्हणला, गुरुजी कधी खोटं बोलले नाहीत, त्याला मी हे सांगतो. बोलला. एकदा बोलला, ठाण्यात, दोन हातांवरून, माझ्या तोंडावर. आन् ते त्यानं जिना चढून, साहेबासमोर परत घेतलं. मी जन्मभर ताठ मानेनं सांगत आलो की आपण खोटं बोलत नाही. मीही एकदा बोललो. मरणाऱ्या माणसाशी बोललो, त्याला दुखवायचं म्हणून बोललो, आन् मला ते परत घ्यायला जिना नाही. खोट्याची मला किळस यायची. आता ती घरातच राहायला आली आहे.

काल दुपारी ओसरीत रायफल पुसायला घेतली. नळीतून गज फिरवला, चिंधी पांढरी निघाली. मग बाजूला फिरवली. गुलाबी कागद काढला होता खरा, पण कारागिराकडं मी कधी गेलो नाही. का गेलो नाही, ते मला विचारू नका. त्या टिंबांमध्ये तेल साचतं, धूळ बसते, म्हणून ती वेगळी पुसावी लागतात, एकेक टिंब, काडीला कापूस लावून. कै.पासून स्मरणार्थपर्यंत पुसायला मला तंबाखूची एक चिमूट संपेपर्यंतचा वेळ लागतो. दर महिन्याला पुसतो. दवाखान्यात गेलो त्याच्या आदल्या दिवशीही पुसली होती.

मास्तर, हा माझा जबाब. नाव आहे. खोडलेलं नाही.